आजींचे शेवटचे दिवस आणि घर रिकामं करायची तारीख

एका सूनबाईंनी विचारलं आहे: "सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. हृदय आणि किडनी दोन्ही थकलेली. महिन्याभरात दोनदा अ‍ॅडमिट करून झालं. आता डॉक्टर म्हणतात, घरीच ठेवा, त्रास कमी कसा होईल तेवढं बघू. आमची कोथरूडची इमारत पुनर्विकासाला गेलीय, पाच आठवड्यांत जागा रिकामी करून द्यायचीय. मुलगी दहावीला. धाकटे दीर कॅनडात. नणंद म्हणते, पुन्हा आयसीयूत न्या. जागा सोडायचं सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, त्या रोज विचारतात, हे खोके कसले? कुठून सुरुवात करू तेच कळत नाही."

ताई, खोक्यांपासूनच करा.

मी परिचारिका आहे. पहिली नऊ वर्षं वॉर्डात गेली, पुढची एकवीस वर्षं लोकांच्या घरी. ज्यांना बरं करणं आता हातात नाही, पण ज्यांचा त्रास कमी करणं नक्की हातात आहे, अशांकडे मी जाते. पुस्तकात त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. घरात कुणी तसं म्हणत नाही, "सिस्टर आल्या" एवढंच म्हणतात.

आधी एक सांगते: सासूबाईंना ठाऊक आहे. जिने पन्नास वर्षं घर चालवलं, तिला माळ्यावरून पितळी पातेलं उतरल्याचा आवाज पलंगावर पडल्या पडल्या कळतो. "हे खोके कसले" असं त्या माहिती मिळवायला विचारत नाहीत. तुम्ही सांगता की उडवून लावता, ते बघतायत. काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका घरी अगदी हेच चाललं होतं. वाडा पाडायचा होता आणि आजींना सांगितलं होतं, रंगकाम काढलंय. मी त्यांचा रक्तदाब घेत होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दंडावर फुगणाऱ्या पट्ट्याकडे बघत आजी म्हणाल्या, "सिस्टर, रंगकामाला कुणी देव हलवतं का हो?"

बाहेर येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, आईला धक्का बसेल. अहो, या बाईने १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी घरात शिरताना पाहिलं होतं, चिखलातून भांडी वेचून पुन्हा संसार मांडला होता. नवरा पोचवला होता, एक मुलगा पोचवला होता. तिला भाड्याच्या फ्लॅटचा धक्का? दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. आजी दोन तास कुणाशी बोलल्या नाहीत. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "वही आण." आणि माळ्यावरचं काय कुणाला द्यायचं ते सांगायला सुरुवात केली. चार दिवस ते चाललं होतं. घंगाळं भाचीला, पाटा-वरवंटा कामवाल्या मावशींना, जातं कुणालाच नको म्हणून खाली तुळशीपाशी. तो वाडा त्यांनी पलंगावरून स्वतः रिकामा केला.

घरातल्या कर्त्या बाईला निरोप देताना आपली चूक होते ती इथेच. आपण तिला एकदम पेशंट करून टाकतो. औषधाच्या वेळा, डायपर, ऑक्सिजन यात ती अडकते आणि घराचे निर्णय तिच्या डोक्यावरून जायला लागतात. तिला काय हवंय विचाराल तर बहुतेक वेळा आवराआवर करून जायचं असतं. ती संधी तुमच्या हातात आयतीच आली आहे, आणि तुम्ही ती लपवताय.

तर सांगा. सकाळी सांगा, चहानंतर. तिन्हीसांजेला अजिबात नको, या वयात आणि या आजारात संध्याकाळी गोंधळायला होतं. एकाच माणसाने सांगावं, मुलाने सांगितलं तर उत्तम. "आई, आपली बिल्डिंग पाडून नवीन होणार आहे. पुढच्या महिन्यात आपण सगळे जवळच भाड्याच्या घरी जातोय. तुम्ही आमच्याबरोबर." एवढंच. मग गप्प बसा. त्या रागावल्या तर रागावू द्या. "तोपर्यंत मी कुठे असणार" असं म्हणाल्या तर "असं काय बोलता, शंभरी गाठायचीय" हे वाक्य गिळून टाका. तिथे विचारा, "आई, तुम्हाला तसं वाटतंय का?" यापुढे त्या जे बोलतील ते ऐकायलाच तुम्ही बसलेल्या असाल. आणि मग खरोखरचा एक निर्णय त्यांच्या हातात द्या: देवघर कुठल्या भिंतीला लावू?

एक व्यवहाराची गोष्ट इथेच उरकते. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर असेल तर बिल्डरबरोबरच्या करारावर त्यांची सही किंवा अंगठा लागणार. आजारी माणसाला निबंधक कार्यालयात न्यावं लागतंच असं नाही. अर्ज केला तर नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतात, कायद्यात तशी सोय आहे. मुखत्यारपत्र करून घेतलंत तरी ते देणारी व्यक्ती गेली की तेही संपतं, हे लोकांच्या लक्षात नसतं. मृत्युपत्र करायचं असेल तर साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, त्या पूर्ण भानावर असताना. घाईघाईत गोंधळलेल्या माणसाचा अंगठा उठवून घेऊ नका. पुढे भावंडांचं तोंड बघणं बंद होतं, मी बघितलंय.

आता तुमचा न विचारलेला प्रश्न: किती दिवस? तारीख कुणी सांगू शकत नाही. पण आमच्याकडे एक ढोबळ मोजमाप आहे आणि ते बऱ्यापैकी खरं ठरतं. तब्येतीतला फरक महिन्यागणिक जाणवत असेल तर हातात महिने असतात. मागच्या रविवारी खुर्चीत बसत होत्या आणि या रविवारी नाही, असं आठवड्यागणिक दिसत असेल तर आठवडे. काल दोन घोट गिळत होत्या आणि आज एक, असं रोज काहीतरी गळत असेल तर दिवस. कॅलेंडरवर रोज रात्री एक शब्द लिहा: बसल्या, जेवल्या, बोलल्या, झोपून. दहा दिवसांनी तुम्हालाच कळेल.

आठवड्यांचा हिशोब दिसत असेल तर हलवायला उशीर करू नका. सगळीकडे करतात उलटं: आधी सोफा, कपाटं, फ्रिज, आणि सगळ्यात शेवटी रिकाम्या घरातून आजी. घुमणाऱ्या भिंती त्यांना कशाला दाखवायच्या? नव्या घरात आधी त्यांची खोली पूर्ण लावा. पलंगाची दिशा तीच ठेवा, खिडकी इथे डाव्या हाताला असेल तर तिथेही डाव्या हाताला. तीच गोधडी, न धुतलेली चालेल, वास ओळखीचा असतो. घड्याळ समोर. मग त्यांना न्या, आणि बाकीचं घर मागाहून येऊ दे.

भाड्याचं घर बघताना लिफ्ट मोजा. पुण्यातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, खुर्चीत बसवून न्यावं लागतं. हे फक्त जाताना बघायचं नसतं, पुढे खाली आणतानाही बघायचं असतं. कटू आहे, पण तेव्हा जिन्याच्या वळणावर तिरडी उभी करायची वेळ येते आणि ते दृश्य घरच्यांच्या डोळ्यांसमोरून वर्षानुवर्षं जात नाही. घरमालकालाही आधी सांगून ठेवा की घरात शेवटच्या टप्प्यातलं माणूस आहे. काही जण चक्क नाही म्हणतात. तसा मालक सामान लागायच्या आधी कळलेला बरा. हलवायच्या दिवशी लघवीची गोळी सकाळी द्यायची की पोचल्यावर, हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. कर्वे रोडच्या सिग्नलला अडकलेल्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याचं उत्तर शोधायला लागू नये.

आणि दिवसांचा हिशोब दिसत असेल तर हलवू नका. डॉक्टरांचं पत्र जोडून सोसायटीला आणि बिल्डरला पंधरा दिवस मागा. तीन घरांत मी असं पत्र जाताना पाहिलंय, तिन्ही वेळा मुदत मिळाली.

नणंदेबद्दल. आधी माझं सांगते. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी नर्स होते आणि तरीही गप्प बसले, कारण मोठ्या जाऊबाई आणि दीर यांच्यापुढे बोलायची माझी पत नव्हती. त्यांना एका खासगी इस्पितळात नेलं. घशात नळी घातली. ती त्या ओढतात म्हणून दोन्ही हात बँडेजने कॉटच्या कठड्याला बांधले. अकरा दिवस. भेटायची वेळ दहा मिनिटं, तीही दोघांत वाटून. हात सुजले म्हणून पाटल्या कापून काढल्या आणि एका खाकी पाकिटात घालून माझ्या हातात दिल्या, पाकिटावर नाव नव्हतं, बेडचा नंबर होता. ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. मी वॉर्ड सोडून घरोघरी जायला लागले ते त्यानंतर.

याचा अर्थ आयसीयू वाईट असा नाही. साठीच्या माणसाला न्युमोनिया झाला तर मी स्वतः त्याला ढकलत नेईन. प्रश्न एकच विचारायचा, आणि तो नणंद समोर असताना डॉक्टरांना विचारायचा: "तिथे नेलं तर त्या या पलंगावर आत्तापेक्षा बऱ्या होऊन परत येतील का?" "प्रयत्न करू" हे त्याचं उत्तर होत नाही; पुन्हा विचारा. आणि नणंदेशी भांडू नका. जो माणूस रोजच्या सेवेला लांब असतो, तोच उपचारांना जास्त हट्ट धरतो असं मी कितीतरी घरांत पाहिलंय. त्यात प्रेम असतं आणि टोचणीही असते. तिला दोन रात्री आईच्या खोलीत झोपायला बोलवा. रात्री तीनला आई "घरी जायचंय" म्हणते तेव्हा तिचा हात धरून बसलेली लेक सकाळी आयसीयूचं नाव क्वचितच काढते.

घरी ठेवण्यासाठी कोर्टाची वगैरे परवानगी लागत नाही, कुणी घाबरवलं तर घाबरू नका. उलट सासूबाईंना स्वतःलाच "मला नळ्या नकोत" असं लिहून ठेवायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात त्याला मान्यता दिली आहे. सुरुवातीची पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. नाहीच जमलं तरी त्या काय म्हणाल्या ते तारखेसह वहीत लिहा आणि तिन्ही मुलांना वाचून दाखवा. घरातलं भांडण मिटायला तेही पुरतं.

मदत कुठे मिळेल? आपल्याकडे ही सेवा कर्करोगाच्या वाटेने आली. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ चं, वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ चं, दोन्ही कर्करुग्णांसाठी सुरू झालेली. हृदय आणि किडनी थकलेल्या आजी त्यात बसतीलच असं नाही, फोन करून विचारा. तेव्हा तुमचा आधार म्हणजे घरी येणारे फॅमिली डॉक्टर, घरी भेट देणारं एखादं पॅलिएटिव्ह पथक मिळालं तर ते, आणि ब्यूरोतून येणाऱ्या मावशी. मावशींना कमी लेखू नका. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचांखाली उशी, पाठीचं कातडं रोज उजेडात बघणं, यावर शेवटचे आठवडे सुखाचे की यातनेचे ते ठरतं. माकडहाडापाशी लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून पांढरा झाला नाही, तर त्याच दिवशी फोन करा.

धाप लागली तर झोपवू नका, पाठीला तीन उशा लावून बसतं करा, पुढे टेबलावर उशी ठेवून त्यावर हात टेकू द्या, आणि छोटा पंखा चेहऱ्यावर, गालाच्या बाजूने धरा. हसू नका, चेहऱ्यावरच्या वाऱ्याने खरंच धाप कमी जाणवते. त्यापुढे औषधं. मॉर्फिनचं नाव काढलं की नातेवाईक दचकतात, जणू आम्ही विष द्यायला आलोय. अगदी थोड्या मात्रेत ते धाप शांत करतं. मात्र सासूबाईंची किडनी कमजोर आहे, त्यात ते शरीरात साठतं, म्हणून मात्रा, अंतर किंवा त्याऐवजी दुसरं काही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि ते सुरू झालं की पोट साफ होण्याचं औषधही त्याच दिवसापासून सुरू, हे मी दरवेळी बजावते आणि दरवेळी कुणीतरी विसरतं.

आता जेवण. प्रत्येक घरात रडू इथे येतं. "आईला उपाशी मारायचं का?" एक लक्षात घ्या: पोटात अन्न नाही म्हणून माणूस जात नाही, जायला निघालंय म्हणून अन्न नकोसं होतं. शरीर एकेक चूल विझवत आणतं. अशा वेळी जबरदस्तीने भरवलेली पेज श्वासनलिकेत जाते, सलाइन लावलं तर थकलेलं हृदय ते पुढे ढकलू शकत नाही, पाणी फुप्फुसात आणि पायांत उतरतं आणि धाप वाढते. तुम्ही माया करायला जाता आणि त्या बुडायला लागतात. मागतील तेवढंच द्या. दोन चमचे वरणाचं पाणी, आवळ्याचा तुकडा चोखायला, बर्फाचा चुरा. किडनीचं पथ्य वगैरे आता डॉक्टरांना विचारून सैल करा. काहीच नको असेल तर ओल्या कापसाने जीभ आणि हिरड्या दर तासाला पुसा, ओठांना तूप लावा. जिला भरवायची सवय आहे तिच्या हातांना हे काम पुरतं. शेजारच्या बायका बघायला येतील आणि "काही खात नाहीत का हो?" म्हणून तुमच्याकडे रोखून बघतील. त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा.

एखाद्या दिवशी त्या अचानक तरतरीत होतील. नारायण पेठेतल्या आजींनी आठ दिवस डोळा उघडला नव्हता आणि एका सकाळी म्हणाल्या, "पिठलं कर, लसूण घालून." सगळं घर नाचलं, मुलगा म्हणाला आई बरी होतेय. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं, आज कुणी ऑफिसला जाऊ नका. त्यांनी बोटभर पिठलं चाटलं, नातवाला अभ्यासावरून बोलल्या. दोन दिवसांनी गेल्या. असा दिवस आला तर तो साजरा करा, पण दीर-नणंदेला फोनही करा.

आणि आई आलीय, दारात उभी आहे, असं म्हणाल्या तर "कुणी नाही तिथे" असं म्हणू नका. मी विचारते, "काय म्हणतायत?" बहुतेकांना त्या भेटीने बरंच वाटतं. भीती वाटत असेल, किंचाळत असतील, अंथरूण ओढत असतील, तर ते वेगळं. लघवी तुंबलीय का, पोट साफ आहे का, नवं औषध सुरू केलंय का, ते आधी बघायचं.

मुलीला दूर ठेवू नका. परीक्षा आहे म्हणून तिला मावशीकडे पाठवायचा विचार घरात निघालाच असेल. पाठवलीत तर तिला आयुष्यभर वाटेल की आजी तिच्या पाठीमागे गेली. तिला रोज पंधरा मिनिटांचं काम द्या: केसांना तेल, पेपर वाचून दाखवणं, नाहीतर आजीच्या खोलीत बसून स्वतःचा अभ्यास. आणि आत्ताच, शांतपणे, तिलाच विचारा: "पेपरच्या दिवशी काही झालं तर तुला आधी सांगू की पेपर झाल्यावर?" या वयाच्या मुली सरळ उत्तर देतात. ती जे म्हणेल ते पाळा. एखादा पेपर बुडालाच तर पुरवणी परीक्षा असते.

कॅनडातल्या दिरांना आज फोन करा. आपण फोनवर म्हणतो, "तसं काळजीचं कारण नाही, पण जमलं तर येऊन जा." या वाक्यावर कुणी विमानाचं तिकीट काढत नाही. असं म्हणा: "आई आता बोलतेय. पुढच्या महिन्यात बोलेल असं नाही. एकदाच यायचं असेल तर आत्ता ये, दहाव्याला नाही आलास तरी चालेल." आले तर त्यांना पाहुणा करू नका, खोके भरायला लावा. आईशेजारी बसून नुसतं बघत राहण्यापेक्षा तिच्या देखत तिची भांडी कागदात गुंडाळताना माणसाला बोलायला सुचतं.

बोलायचं काय? आपल्याकडे "माझं तुमच्यावर प्रेम आहे" असं सून सासूला म्हणत नाही. उगाच म्हणायला जाल तर दोघीही अवघडाल. आपल्याकडे "चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला" हे आहे, आणि ते त्यांनीही तुम्हाला म्हणायची शक्यता ठेवा. पंचवीस वर्षांत सासू-सुनेत जे झालं ते झालंच. नारायण पेठेतल्या सूनबाईंना हे वाक्यही जमेना. त्यांनी काय केलं, गोडा मसाला विचारला. वही घेऊन बसल्या. धणे किती, तर "सात मुठी". दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, तीळ, खोबरं, सगळं मुठीत नाहीतर चिमटीत. सून हुशार, ताटात धणे आणले आणि म्हणाल्या, आई, एक मूठ घ्या, मी वजनकाट्यावर बघते. आजींनी मूठ भरली, ती काट्यावर रिकामी करायच्या आधी स्वतःच उघडून बघितली आणि म्हणाल्या, "ही धरू नको. माझी मूठ आता पोरीएवढी झालीय. तुझी घे." मग सुनेच्या मुठीवर हात ठेवून, थोडे धणे परत ताटात पाडून, "हां, एवढी" म्हणाल्या. मी दारात इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी होते. दोघींनी एकमेकींना माफ केलं की नाही मला माहीत नाही. त्या दिवसापासून आजी औषध मात्र सुनेच्याच हातून घ्यायला लागल्या.

शेवटचे तास कसे असतात ते आधी ऐकून ठेवा, म्हणजे तेव्हा घाबरणार नाही. झोप वाढत वाढत हाक मारूनही उठणं बंद होतं. लघवी कमी आणि गडद. गुडघे, पावलं थंड, त्यावर जांभळट जाळी. जुन्या बायका नाक आणि कानाच्या पाळ्या बघून सांगायच्या, त्या काही अगदीच चुकत नसत. श्वास भराभर चालतो, मग थांबतो, वीस-तीस सेकंद काही नाही, आणि पुन्हा सुरू. घशात घरघर लागते. ती आपल्याला ऐकवत नाही, पण त्या तोवर इतक्या खोल गेलेल्या असतात की त्याचा त्यांना बहुधा त्रास होत नाही. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. आवाज कमी करायचं औषध असतं, आधीच आणून ठेवा. घशातला स्राव ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनमागे धावू नका. कान बऱ्याच उशिरापर्यंत ऐकतात असं आम्ही धरून चालतो, म्हणून पलंगापाशी तिरडीच्या सामानाची चर्चा नको. हरिपाठ लावा, नाहीतर त्यांच्या आवडीचं नाट्यगीत. गंगाजल दोन थेंब ओठांवर, चमचाभर तोंडात नको, ठसका लागतो.

श्वास थांबल्यावर काही घाई नसते. ताबडतोब १०८ ला फोन लावू नका. ते नियमाप्रमाणे छातीवर दाबायला लागतील नाहीतर इस्पितळात नेतील, आणि तिथे "आणण्यापूर्वीच मृत्यू" असं ठरलं की पोलीस, कदाचित शवविच्छेदनसुद्धा. फोन फॅमिली डॉक्टरांना. घरी झालेल्या मृत्यूचं कारण ते लेखी देतात, त्यावर महापालिकेचा पास निघतो, पास असला की वैकुंठ स्मशानभूमीत अडत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी त्यांना अलीकडे तपासलेलं असणं महत्त्वाचं. आठवड्याला एक भेट ठरवून टाका, आणि रात्री-अपरात्री याल ना, हे स्पष्ट विचारून घ्या. आधार कार्ड हाताशी ठेवा, खोक्यात जाऊ देऊ नका. नावाचं स्पेलिंग आत्ताच बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना आणि स्मशानात आधी सांगा, दहनाआधी तो काढावाच लागतो, आगीत फुटतो. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. वय आड येत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. पंखा बंद, डोळे मिटून त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी, आणि नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला. बोटातली अंगठी मात्र आजच तेल लावून काढा, सूज चढली की कापावी लागते.

दहावा, तेरावा हे तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे करा किंवा करू नका, त्यात मी पडत नाही. एवढंच सुचवते की ब्यूरोच्या मावशींना जेवायला बोलवा. त्यांनी तुमच्या सासूबाईंची पाठ तुमच्यापेक्षा जास्त वेळा पुसलेली असेल, आणि सासूबाई गेल्या त्या दिवसापासून मावशींची ड्यूटी दुसरीकडे लागलेली असते, त्यांना कुणी काही कळवत नाही.

हे सगळं एकदम करायचं नाहीये. उद्या सकाळी फक्त पहिलं. चहा झाला की मुलाला स्टुलावर बसवा, त्यांच्या उजेडाच्या बाजूला. चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर ठेवा. आणि कानातल्या यंत्राचा सेल आज रात्रीच बदलून ठेवा.